चार पुस्तकांचा हुकूम

मंडालेच्या तुरुंगात लोकमान्य टिळकांना एका वेळी चारांहून अधिक पुस्तके जवळ बाळगता येणार नाहीत, असा हुकूम सरकारने मध्यंतरी काढला होता. गीतेवरील निरनिराळ्या आचार्यांची भाष्ये एकमेकांशी ताडून पाहावयाची, त्यांची उपनिषदांशी व ब्रह्मसूत्रांशी रुजुवात घ्यावयाची आणि शिवाय पाश्चात्त्य नीतिशास्त्राचा परामर्श घ्यावयाचा, असा ज्याचा संकल्प होता त्याला चार पुस्तकांची मर्यादा म्हणजे लेखनबंदीच होती. टिळकांनी सरकारकडे अर्ज केला, हुकूम सैल झाला, आणि १९१४ च्या जूनमध्ये ते सुटून परत आले तेव्हा त्यांच्याजवळ जमलेल्या ग्रंथांची संख्या साडेतीनशे-चारशेच्या घरात गेली होती, असे त्यांनीच 'गीतारहस्या'च्या प्रस्तावनेत नमूद केले आहे. लेखनसाहित्याचा बंदोबस्त याहूनही काटेकोर होता. सुटे कागद मिळावयाचे नाहीत, मिळावयाच्या त्या बांधलेल्या वह्या, त्यांची पाने मोजलेली व त्यांवर आकडे घातलेले, म्हणजे एखादे पान फाडून बाहेर गेले तर ते झडतीत तत्काळ उघडकीस यावे. आणि शाई मुळीच नाही, केवळ शिसपेन्सिल, तीही बाहेरून तासून आलेली. अशा मोजलेल्या पानांवर, तासून मिळालेल्या पेन्सिलीने, १९१०–११ च्या हिवाळ्यातील सुमारे पाच महिन्यांत तो ग्रंथ लिहून पुरा झाला.

ही कथा मराठी वाचकाला नवी नाही. तथापि त्याच आवारात वावरणारा आणखी एक मनुष्य या कथेत सहसा आपल्या नजरेत भरत नाही. टिळकांच्या स्वयंपाकासाठी सरकारने येरवड्याहून एक कैदी मंडालेस धाडला होता. राजद्रोह, वृत्तपत्रे, स्वराज्य यांपैकी कशाशीही संबंध नसलेला, चारचौघांसारखा गुन्हा करून शिक्षा भोगणारा असा तो कैदी होता. एका आवारात दोन बंदिवान आणि चारशे ग्रंथ. पण ते ग्रंथ दोघांपैकी एकाचेच. तुरुंग आणि पुस्तक यांच्या आपल्याकडील शंभर-सव्वाशे वर्षांच्या इतिहासाची मांडणी एवढ्या एका आवारात दिसून येते असे मला वाटते. पुस्तक मिळाले ते ज्याला ते आधीपासूनच प्रिय होते त्याला, सवलत म्हणून, अर्जविनंत्यांनंतर मिळाले. ज्याच्या 'सुधारणे'ची भाषा सरकारी अहवाल बोलत राहिले त्याच्यापर्यंत ते क्वचितच पोचले, आणि पोचले तेव्हाही बहुधा सरकारच्या हातून न पोचता दुसऱ्या एखाद्या कैद्याच्या हातून पोचले.

याची मुळे फार मागे जातात. १८३५ च्या फेब्रुवारीत मेकॉलेने हिंदुस्थानातील शिक्षणावरचे आपले ते सुप्रसिद्ध टिपण लिहिले आणि युरोपीय ग्रंथांच्या एका फळीवर एका खंडाचा उद्धार टांगला. त्याच वर्षाच्या अखेरीस त्याच मेकॉलेने येथील तुरुंगांची चौकशी करण्याची सूचना केली, तीनुसार कमिटी नेमली गेली, तो स्वतः तिचा सभासद झाला, आणि १८३८ साली त्या कमिटीचा अहवाल बाहेर पडला. एकसारखे अन्न, एकसारखी कंटाळवाणी मजुरी, कडक शिस्त या गोष्टींवर त्या अहवालाचा सारा भर होता. कैद्यांना नैतिक अथवा धार्मिक उपदेश करणे, त्यांना शिक्षण देणे, चांगल्या वर्तणुकीबद्दल बक्षीस देणे, असल्या सुधारणेच्या उपायांचा त्यात बुद्ध्या अव्हेर केला गेला. तुरुंग इतका नीरस व भयप्रद असावा की पुन्हा तिकडे फिरकण्याची कोणाला इच्छा होऊ नये, हे त्या काळच्या उपयुक्ततावाद्यांचे तत्त्वज्ञान होते, आणि त्यात अक्षरांना स्थान नव्हते. पुस्तकाने साऱ्या देशाचे मन पालटेल अशी ज्याची खात्री होती, त्याला ते एका चोराचे मन पालटू शकेल असे वाटले नाही, ही विसंगती मेकॉलेच्या चरित्रकारांनी पाहिली असो वा नसो, आपण तिची नोंद घेण्यास हरकत नाही.

विलायतेत मात्र पुस्तक तुरुंगात शिरले होते, आणि ते पाद्र्याच्या झग्याआडून शिरले होते. १८२३ च्या पील याच्या कायद्याने इंग्लंडातील तुरुंगांना धर्मोपदेशक नेमणे भाग पडले आणि कैद्यांना लिहिणे-वाचणे शिकविण्याची तजवीज करावी लागली. पुढे तुरुंगातील पुस्तके निवडणे, वाटणे व परत घेणे हे काम त्या उपदेशकाच्याच अखत्यारीत गेले. तो बायबल व भक्तिपर चोपडीच पुढे करणार हे खरे, परंतु काही झाले तरी पुस्तकांची काळजी वाहणारा एक पगारी मनुष्य तेथे होता. हिंदुस्थानात परक्या राज्यकर्त्याने हिंदू व मुसलमान कैद्यांच्या धर्मात हात घालावयाचा नाही असे धोरण, १८५७ नंतर तर ते अधिकच दृढ झालेले. त्यामुळे धर्मोपदेशक नाही, आणि उपदेशक नाही म्हणून पुस्तकांचा कोणी धनीही नाही. येथील तुरुंगात डॉक्टर होता, जेलर होता, कारखान्याचा हिशेब ठेवणारा कारकून होता, फटके मारणाराही होता. ग्रंथ हे कोणत्याच अंमलदाराचे खाते नव्हते. वायव्य प्रांतात, आग्र्याच्या मध्यवर्ती तुरुंगात, गेल्या शतकापूर्वीच्या शतकात डॉ. वॉकर यांनी कैद्यांना मुळाक्षरे व आकडेमोड शिकविण्याचा प्रयोग मोठ्या हौसेने केला होता, परंतु तो अंमलदाराच्या हौसेवर उभा होता, आणि हौस ही बदलीबरोबर जाणारी वस्तू आहे.

आमच्या प्रांतात सुशिक्षित मनुष्याने तुरुंग आतून पाहून त्याचे वर्णन मराठीत छापल्याचे पहिले ठळक उदाहरण डोंगरीचे. कोल्हापूरच्या बर्वे प्रकरणात आगरकर व टिळक यांना चार-चार महिन्यांची शिक्षा झाली, पैकी एकशे एक दिवस भोगून ते १८८२ च्या ऑक्टोबरात सुटले, आणि आगरकरांनी त्या मुक्कामाचा वृत्तान्त लिहून प्रसिद्ध केला. शेक्सपिअरच्या 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' हे त्यांचे रूपांतर पुढल्या वर्षी छापून निघाले; त्याच्या कामाचा काही भाग त्या कोठडीतला. डोंगरीने या दोघांची 'सुधारणा' केली काय? बाहेर आल्यावर त्यांनी महाविद्यालय काढण्याचा विचार पुढे नेला आणि सरकारावर टीकाही चालू ठेवली, एवढे उत्तर पुरे आहे.

१८९७ साली टिळक पुन्हा आत गेले, या वेळी अठरा महिन्यांच्या सक्तमजुरीवर, आणि येरवड्यास त्यांना ऋग्वेद वाचावयास मिळाला. तो धाडणारा मनुष्य साधा नव्हता. टिळकांचा 'ओरायन' वाचून प्रभावित झालेल्या प्रोफेसर माक्स म्युल्लर यांनी आपण संपादन केलेल्या ऋग्वेदाची दुसरी आवृत्ती कैद्याच्या उपयोगासाठी पाठविली, टिळकांच्या सुटकेच्या विनंतीअर्जावरही सही केली, आणि वेदांतील उत्तरध्रुवनिवासाचा सिद्धान्त त्या आवृत्तीच्या पानांतून पुढे उभा राहिला. या सिद्धान्तावर १९०३ साली छापलेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत टिळकांनी या पुस्तकाबरोबरच आणखी एका उपकाराचा उल्लेख केला आहे, तो म्हणजे रात्री वाचण्यासाठी काही तास दिवा जवळ ठेवण्याची परवानगी.

या दिव्याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण तुरुंगातील वाचनाचा विचार करणारे लोक पुस्तकांच्या याद्या करीत बसतात आणि पुस्तक वाचावयाचे कोणत्या वेळी व कोणत्या उजेडात, हे विसरतात. सक्तमजुरीच्या कैद्याचा दिवस पहाटे गणतीने सुरू होई. मग चक्की, कोलू, काथ्याकूट, विणकाम, खडी फोडणे, जे काम कैद्याच्या नोंदीच्या तिकिटावर लिहिले असेल ते, ठरलेल्या मापाने पुरे करावयाचे. संध्याकाळी सूर्यास्ताच्या आधीच जेवण, पुन्हा गणती, आणि बराकीला कुलूप. मोकळा वेळ म्हणून जो काय त्याच्या वाट्याला यावयाचा तो सारा या कुलपानंतरचा, म्हणजे अंधाराचा. बराकीत एखादा कंदील टांगलेला असे तो पहारेकऱ्याला कैदी दिसावेत म्हणून, कैद्याला अक्षर दिसावे म्हणून नव्हे. अशा स्थितीत हातात ज्ञानेश्वरी असली काय आणि नसली काय, सारखेच. राहता राहिला रविवार, आणि रविवारी कपडे धुणे, केस कापणे, तपासणीसाठी रांगेत उभे राहणे. तेव्हा कैद्याला धर्मग्रंथ बाळगण्याची मुभा होती असे जेव्हा नियमावली सांगते, तेव्हा ती खोटे बोलत नसते. ती दिव्याबद्दल मौन बाळगते, इतकेच.

अंदमानात हे सारे अधिक उघडेवाघडे होते. विनायकराव सावरकर १९११ च्या जुलैत तेथे पोचले तेव्हा सेल्युलर जेल बांधून पुरे होऊन पाचच वर्षे लोटली होती, आणि एकेकास एकेक कोठडी या तिच्या रचनेचा हेतूच मुळी माणसास माणसापासून तोडण्याचा होता. कागद-पेन्सिल नाही म्हणून काटा किंवा खिळा घेऊन भिंतीवर ओळी कोरावयाच्या, त्या पाठ करावयाच्या, आणि पुढे चुन्याचा हात फिरला की भिंत कोरी व्हावयाची, ही हकीकत सर्वश्रुत आहे. 'माझी जन्मठेप' या १९२७ च्या पुस्तकातील मला अधिक महत्त्वाचा वाटणारा भाग मात्र वेगळाच आहे. सुरुवातीस पुस्तकांची आपसांत देवघेव करणे हाही अपराध गणला जाई; तेथून निघून राजबंद्यांची घरून आलेली पुस्तके एकत्र करून सामाईक ग्रंथालय उभे करण्यापर्यंत मजल गेली, आणि त्याहून विशेष म्हणजे खून-दरोड्याखाली काळ्या पाण्यावर आलेल्या साध्या कैद्यांना मुळाक्षरे शिकविण्याची खटपट राजबंद्यांनी चालविली. शिकणाऱ्यास त्याची गोडी नव्हती, शिकविणाऱ्यास शिक्षेची भीती होती, आणि अधिकाऱ्यास दोघांचाही संशय होता. सावरकरांच्या पुढील राजकारणाविषयी कोणाचे काहीही मत असो, साक्षरतेचे हे काम सरकारी खर्चाने नव्हे तर सरकारी रोषाच्या छायेत झाले, ही गोष्ट तुरुंगाच्या इतिहासात आपल्या जागी राहील. पुढे १९३३ च्या मे महिन्यात त्याच कारागृहात दुसऱ्या पिढीच्या क्रांतिकारकांनी उपोषण आरंभिले. जबरीने अन्न घालण्याच्या प्रकारात महावीर सिंह, मोहन किशोर नमोदास व मोहित मैत्र हे तिघे प्राणास मुकले, आणि त्यानंतर जे पदरात पडले त्यात अभ्यासाची सवलत होती, वृत्तपत्रे होती, आणि कोठडीत दिवा होता. टिळकांना जो उजेड उपकार म्हणून मिळाला, तो येथे तीन जिवांच्या मोबदल्यात मिळाला.

मधल्या काळात सरकारचे मत कागदावर तरी पालटले होते. सर अलेक्झांडर कार्ड्यू यांच्या अध्यक्षतेखालील १९१९–२० च्या तुरुंग कमिटीने, भय घालणे व सुधारणे हे दोन्ही तुरुंगाचे हेतू होत असे प्रथमच स्पष्टपणे मांडले, मेकॉलेच्या वेळच्या कमिटीने सुधारणेचे सगळे मार्ग कसे जाणूनबुजून नाकारले होते त्याची आठवण करून दिली, आणि तरुण कैद्यांना प्राथमिक शिक्षण व तुरुंगांना ग्रंथसंग्रह असावा अशा शिफारशी केल्या. शिफारशी चांगल्या होत्या; त्यांची वेळ चांगली नव्हती. १९१९ च्या सुधारणा कायद्याने तुरुंग हे प्रांतिक खाते झाले, प्रांतांच्या तिजोऱ्या रित्या, आणि असहकारितेच्या चळवळीने बराकी भरून वाहू लागलेल्या. ग्रंथालयाचा पैसा कोणी काढावयाचा?

याच सुमारास येरवड्यास गांधीजी होते. १९२२ च्या मार्चमध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन ते आत गेले व आजारपणामुळे १९२४ च्या फेब्रुवारीत सुटले. एवढ्या अवधीत त्यांनी दीडशेच्या आसपास पुस्तके वाचली, त्यांत गिबनचा रोमन साम्राज्याचा अवाढव्य इतिहासही होता, आणि शिवाय उर्दूचा अभ्यास केला. सुटल्यावर त्यांनी 'यंग इंडिया'त तुरुंगातील अनुभवांची लेखमाला लिहिली. तीत पुस्तकांइतकेच, किंबहुना अधिक प्रेमाने, त्यांनी आपल्यावर नेमलेल्या कैदी-वॉर्डरांविषयी लिहिले आहे. गुन्हा हा रोग व तुरुंग हे इस्पितळ समजावे, हे त्यांचे म्हणणे होते. वाचकांपैकी पुष्कळांस दीडशे हा आकडा लक्षात राहतो.

यापुढची पायरी १९३० ची. पंजाबातील तुरुंगांत भगतसिंग व बटुकेश्वर दत्त यांनी १९२९ च्या जूनपासून, आणि पुढे त्यांच्या सोबत्यांनी, जे उपोषण मांडले त्याच्या मागण्यांत चांगल्या अन्नाबरोबर पुस्तके व वृत्तपत्रे यांचाही समावेश होता. त्यांपैकी जतींद्रनाथ दास स्वतःच्या उपोषणाच्या त्रेसष्टाव्या दिवशी, १३ सप्टेंबरला, मरण पावले. भगतसिंगांचे तुरुंगातील वाचन ही स्वतंत्र लेखाची सामग्री आहे. लाहोरच्या द्वारकादास ग्रंथालयातून अमुक अमुक पुस्तके काढून पाठव, असे मित्राला लिहिलेले त्यांचे १९३० चे पत्र उपलब्ध आहे, त्यात क्रोपोट्किन आहे, लेनिन आहे, बर्ट्रांड रसेल आहे. या सगळ्या क्षोभाचा परिणाम म्हणून फेब्रुवारी १९३० मध्ये सरकारने कैद्यांचे अ, ब व क असे तीन वर्ग पाडले. वर्ग ठरावयाचा तो गुन्ह्याच्या स्वरूपाबरोबरच कैद्याचा सामाजिक दर्जा, शिक्षण व राहणी पाहून. अ आणि ब वर्गास वाचनलेखनाच्या सवलती. क वर्ग म्हणजे उरलेला सारा समाज. सत्याग्रही शेतकरी, गिरणीतला मजूर, खिसेकापू, कर्जापायी सावकाराच्या डोक्यात कुऱ्हाड घातलेला कुणबी, हे सगळे क वर्गात. ज्याने बाहेर पुस्तक कधी उघडले नाही त्याला आतही त्याची गरज नाही, असे या वर्गवारीचे तर्कशास्त्र होते, आणि ते बाहेरच्या समाजाच्या तर्कशास्त्राहून फारसे निराळे नव्हते, म्हणूनच कोणी त्याविरुद्ध फारसे उठले नाही. पुढे १९४२ ते ४५ या काळात अहमदनगरच्या किल्ल्यात काँग्रेस कार्यकारिणी स्थानबद्ध होती. तेथे नेहरूंनी पाच महिन्यांत 'भारताचा शोध' लिहिला, मौलाना आझादांनी आपली पत्रे लिहिली. ती सारी थोर पुस्तके खरीच, पण आपल्या विषयात ती एका अर्थी अ वर्गाची पुस्तके होत.

या चित्राला छेद देणारी एक हकीकत खानदेशातली आहे, आणि तिच्यात पुस्तक जवळजवळ नाहीच. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे होते, साने गुरुजी होते, आणि गावोगावचे सत्याग्रही होते. २१ फेब्रुवारीच्या रविवारी विनोबांनी गीतेच्या पहिल्या अध्यायावर बोलावयास आरंभ केला, दर रविवारी एक अध्याय या क्रमाने १९ जूनला अठरावा अध्याय झाला, आणि साने गुरुजींनी ती व्याख्याने जवळजवळ शब्दशः उतरून घेतली. 'गीताप्रवचने' म्हणून पुढे देशातील अनेक भाषांत गेलेला तो ग्रंथ हाच. मंडालेचा ग्रंथ आणि धुळ्याचा ग्रंथ यांचा विषय एकच, गीता, दोन्ही तुरुंगातले, पण एकामागे एका विद्वानाची कोठडी व चारशे पोथ्या, आणि दुसऱ्यामागे रविवारची दुपार व समोर बसलेली माणसे, ज्यांतल्या कित्येकांना संस्कृत तर सोडाच, मराठी पुस्तकाचीही सवय नव्हती. विनोबांच्या त्या गद्यात दृष्टान्तांची जी रेलचेल आहे, शेतातली, विहिरीवरची, चुलीपुढची उदाहरणे आहेत, ती श्रोत्यांच्या चेहऱ्याकडे पाहून आलेली आहेत हे वाचताना पदोपदी जाणवते. पुढील वर्षी, ९ फेब्रुवारी १९३३ रोजी, नाशिकच्या तुरुंगात साने गुरुजींनी 'श्यामची आई' लिहावयास घेतली आणि १३ तारखेच्या पहाटे ती संपविली; तिचीही घडण रात्री जमलेल्या मंडळीला सांगितलेल्या गोष्टींची आहे. हा योगायोग नसावा.

आपल्याकडे वाचणे हे शतकानुशतके ऐकणे होते. 'हरिविजय', 'पांडवप्रताप', 'शिवलीलामृत' गावच्या देवळात एकाने वाचावयाचे आणि पन्नासांनी ऐकावयाचे, मध्ये एखाद्याने अर्थ सांगावयाचा, एखाद्या म्हातारीने डोळे पुसावयाचे, हा प्रघात निरक्षर माणसाला ग्रंथापासून वंचित ठेवीत नव्हता. विलायती तुरुंगशास्त्राने मात्र एकांतात, मूकपणे, स्वतःशी वाचणारा कैदी कल्पिला. तो आपल्या बराकीत क्वचितच सापडावयाचा. एकाच बराकीत चाळीस-पन्नास माणसे अंधार पडण्यापूर्वीच कोंडली जात होती, त्यांच्यापैकी एकाला वाचता येत होते, आणि कंदिलाची वात थोडी मोठी केली असती तर रोज रात्री पोथी लागली असती. हा उपाय बिनखर्चाचा असल्यामुळेच की काय, तो अहवालांच्या नजरेत भरला नाही.

आता, पुस्तकाने गुन्हेगार सुधारतो काय? या प्रश्नाला होकारार्थी उत्तर देणाऱ्या मंडळींजवळ नेहमी एखाद्या पश्चात्तापदग्ध दरोडेखोराची कथा तयार असते, आणि नकारार्थी उत्तर देणाऱ्यांजवळ एखाद्या सुशिक्षित अफरातफर करणाऱ्याची. मला दोन्ही कथा निरुपयोगी वाटतात. सावकाराच्या तगाद्याने कुऱ्हाड उचललेल्या माणसाला सद्वर्तनाची चोपडी देऊन काय पटवावयाचे? त्याची जमीन कोणत्या कायद्याने गेली आणि कोणत्या कायद्याने वाचली असती, हे सांगणारी चार पाने त्याला अधिक उपयोगी पडली असती. औंध संस्थानात १९३९ साली आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुल्या कारागृहाची वसाहत बालासाहेब पंतप्रतिनिधींच्या आश्रयाने व मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेने वसली. ज्यावरून पुढे शांतारामबापूंनी 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला तीच ही वसाहत. तेथे कैद्याच्या हाती प्रथम दिले ते शेत, आणि त्याच्या कुटुंबाला जवळ राहू दिले. मोकळीक आणि काम हे औषध, आणि पुस्तक हे अनुपान, असा क्रम धरला तर पुस्तकाकडून अवास्तव अपेक्षाही राहत नाही आणि त्याची उपेक्षाही होत नाही.

स्वातंत्र्यानंतर नियम उदार झाले यात शंका नाही. १९५५ साली जिनिव्हास संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेने कैद्यांना वागविण्याचे जे किमान नियम ठरविले त्यांत प्रत्येक कारागृहात सर्व वर्गांच्या कैद्यांसाठी ग्रंथालय असावे, त्यात मनोरंजनाची व ज्ञानाची अशी दोन्ही प्रकारची पुस्तके असावीत, आणि कैद्यांना ती वाचण्यास उत्तेजन द्यावे, असे कलम आहे. 'सर्व वर्गांच्या' हे शब्द १९३० ची वर्गवारी ज्यांना ठाऊक आहे त्यांना विशेष अर्थपूर्ण वाटतील. आदर्श नियमावल्या झाल्या, मुक्त विद्यापीठांचे वर्ग आत गेले, ब्राझीलने तर २०१२ साली एका पुस्तकाचे वाचन करून त्यावर टिपण लिहिल्यास शिक्षेतून चार दिवस कमी, वर्षाकाठी बारा पुस्तकांपर्यंत, असा हिशेबच बांधून दिला. आमच्या बराकीच्या भाषेत ही वाचनाची 'माफी'. पुस्तकाला दिवसांच्या भावाने मोजणे कोणाला हिणकस वाटेल. मला वाटत नाही, कारण टिपण लिहिता येण्यासाठी तरी आधी लिहिता यावे लागते, आणि तेवढ्यापुरते सरकारला शिकवावे लागते.

परंतु जुनी सवय सुटावयास वेळ लागतो. २०२२ साली तळोजाच्या कारागृहात एका वृद्ध कच्च्या कैद्याला घरून पी. जी. वुडहाउस यांचे पुस्तक पाठविले गेले, ते सुरक्षेस धोकादायक म्हणून नाकारले गेल्याचे मुंबई उच्च न्यायालयापुढे आले, आणि न्यायमूर्तींनी तो प्रकार हास्यास्पद ठरविला. वुडहाउस म्हणजे इंग्लंडातील रिकामटेकडे उमराव, त्यांच्या कडक स्वभावाच्या आत्या व बक्षिसपात्र डुक्कर यांच्यावर आयुष्यभर विनोद लिहिणारा मनुष्य. त्याने कोणत्या राज्याचा पाया हादरेल हे सांगणे कठीण. टिळकांच्या बाबतीत चार पुस्तकांचा हुकूम काढणाऱ्याला निदान आपण कोणाला भितो आहोत हे ठाऊक होते. पुस्तकाने मनुष्य बिघडतो या समजुतीवर तुरुंगाचे खाते इतकी वर्षे ठाम राहिले आहे. त्याच पुस्तकाने तो सुधारतो या विधानावर मात्र त्याने निराळी मनुष्यबळाची व पैशाची तरतूद मागितलेली क्वचितच दिसते.

कैदी मुळात काय वाचतो, या प्रश्नाचे उत्तर ग्रंथालयाच्या नोंदवहीत पुरतेपणी मिळत नाही. त्याला सर्वांत आधी वाचावयाचे असते ते त्याचे स्वतःचे निकालपत्र, आणि ते पुष्कळदा इंग्रजीत असते. नंतर अपिलाचा अर्ज, तिकिटावरील शिक्षेचे व माफीचे दिवस, आणि मग घरचे पत्र, जे लिहिलेले दुसऱ्याने असते, तपासलेले तिसऱ्याने, आणि वाचून दाखवावयाचे चौथ्याने. बराकीत ज्याला अक्षर येते तो या कामी साऱ्यांचा मुन्शी होतो, त्याला विडीकाडी मिळते, मान मिळतो, आणि इतरांची घरगुती गुपितेही. बायकोच्या पत्रातली गोष्ट चौथ्या माणसाच्या तोंडून ऐकावी लागणे ही लाज साक्षर मनुष्याच्या सहसा ध्यानात येत नाही. पण प्रौढ वयात पाटी हातात घेण्यास तिच्याहून बळकट कारण दुसरे नसेल. ज्या तुरुंगात शिकविण्याचे काम करावयाचे असेल तेथे पहिला धडा म्हणून कैद्याचे स्वतःचे नाव, गाव, कलम आणि सुटकेची तारीख घ्यावी, दुसरा धडा म्हणून घरचे पत्र घ्यावे, आणि थोरामोठ्यांची चरित्रे व सुभाषिते त्यानंतर यथावकाश येऊ द्यावीत.